खुरपं गंजलेलं नव्हतं, म्हणे

पत्र : डॉक्टर, माझी आई ६१ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिचा डावा डोळा लवायला लागला. शेजारच्या काकू म्हणाल्या, बाईचा डावा डोळा लवणं चांगलंच असतं. पण पुढे गाल ओढायला लागला, मग ओठाचा कोपरा, आणि आता दिवसातून पंचवीस-तीस वेळा चेहऱ्याची अख्खी डावी बाजू आक्रसते. देवळात, लग्नकार्यात जाणं तिने सोडलंय. पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टनी एमआरआय करून बोटॉक्सची इंजेक्शनं सुचवली. घरी आल्यावर मामा म्हणाले, "ते विष आहे, आणि तेही धनुर्वाताच्या भावकीतलं." माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, १९७४ साली पायाला नांगराचा फाळ लागून धनुर्वाताने गेले. आई तेव्हा दहा वर्षांची होती, तिने सगळं पाहिलंय. आता ती इंजेक्शनाचं नावही काढू देत नाही. मी बी.एस्सी. आहे, म्हणून थोडं वाचलं. दोन्ही जंतू एकाच कुळातले आणि दोघांची विषं एकच प्रथिन तोडतात, असं दिसतं. मग आजोबांचं अंग ताठलं आणि आईचा गाल मात्र सैल पडणार, हे कसं? आणि विष वर चढलं तर? आईला काय सांगू?

ता. क. बाबांना परवा भांगलताना खुरपं लागलं, अंगठ्याजवळ, बरंच खोल. टीटी घ्या म्हटलं तर म्हणतात, खुरपं रोजच्या वापरातलं आहे, गंजलेलं नव्हतं.

— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी ता. क. पत्र मिळालं त्याच संध्याकाळी तुम्हाला ईमेलवर दोन ओळी पाठवल्या होत्या, त्या बाकीच्या वाचकांसाठी इथे पुन्हा लिहिते. बाबांना उद्या सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तुमच्या घरात सध्या दोन विषांची चर्चा चाललीय. ज्या विषाला सगळे घाबरलेत ते मोजूनमापून बाटलीत बंद आहे आणि जाणत्या डॉक्टरच्या हातात आहे. ज्याला कुणीच घाबरत नाही ते कदाचित बाबांच्या अंगठ्यात तयार होत असेल.

गंजाची समजूत इतकी पक्की बसलीय की शिकलेली माणसंही खिळ्याचा रंग बघून टीटी घ्यायची की नाही ते ठरवतात. गंजाचा इथे काही संबंध नाही. धनुर्वाताचा जंतू राहतो मातीत आणि गुराढोरांच्या, घोड्यांच्या शेणालिदीत. १८८४ साली जर्मनीत आर्थर निकोलायर नावाच्या तरुण डॉक्टरने बागेतली साधी माती प्राण्यांच्या कातडीखाली घातली आणि त्यांना धनुर्वात झाला. लोखंड नव्हतंच त्या प्रयोगात. हा जंतू प्राणवायू सहन करत नाही, म्हणून उघड्यावर तो बीजाणूच्या रूपात, टणक कवचात, वर्षानुवर्षं पडून राहतो. खोल, तोंडाशी मिटलेली, आत मेलेलं मांस असलेली जखम मिळाली की कवच फोडून जागा होतो. गंजलेला खिळा धोक्याचा, कारण तो बहुधा मातीत पडलेला असतो आणि खोल घुसतो. आता तुम्हीच सांगा, रोज सकाळ-संध्याकाळ शेणखत घातलेल्या वाफ्यात फिरणारं चकचकीत खुरपं यात कुठे बसतं?

तुमच्या बाबांच्या वयाच्या पुरुषांची आणखी एक गोष्ट. देशभर लहान मुलांचं लसीकरण जोरात सुरू झालं ते १९८५नंतर. त्याआधी जन्मलेल्या बायकांना निदान प्रत्येक गरोदरपणात धनुर्वाताच्या सुया मिळाल्या. पुरुषांना कोण देणार? कधीतरी कुत्रं चावलं, अपघात झाला, तेव्हा एखादी मिळाली असेल, तीही आठवत नाही. म्हणून केंद्रावर गेल्यावर सांगा : आधीची लस आठवत नाही, जखम खोल आहे, माती-शेण लागलेलं आहे. अशा वेळी एका सुईने भागत नाही. एक लसीची (हल्ली टीटीऐवजी टीडी देतात, त्यात घटसर्पाचीही लस असते), आणि दुसरी आयत्या प्रतिपिंडांची. लसीवर शरीर स्वतःची फौज उभी करतं, त्याला काही आठवडे लागतात. आयती प्रतिपिंडं त्याच दिवशी कामाला लागतात. ही दुसरी सुई केंद्रात नसेल तर ते वर पाठवतील, आणि पाठवलं तर जायचं. पूर्वी ही प्रतिपिंडं घोड्याच्या रक्तातून काढत. १८९० साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी ती वाट दाखवली. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट १९६६ साली उभी राहिली तीही घोड्यांच्या आणि धनुर्वाताच्या याच सीरमच्या जोरावर. आता माणसाच्या रक्तातली मिळतात, त्यांची रिॲक्शन कमी येते.

जखम होऊन तीन-चार दिवस झालेत म्हणून "आता काय उपयोग" असं म्हणू नका. लक्षणं दिसायला साधारण तीन ते एकवीस दिवस लागतात, बहुतेकांना आठवडा-दीड आठवडा. तेवढी मुदत हाताशी असते ती कशामुळे, हेच तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर आहे. तिकडेच येते.

तुम्ही वाचलेलं अर्धं बरोबर आहे. पण आधी निरोगी हात कसा चालतो ते बघू. घास उचलून तोंडाशी न्या. कोपर वाकताना दंडाचा पुढचा स्नायू आखडतो. त्याच क्षणी मागच्या स्नायूने गप्प बसायला हवं, नाहीतर घास वाटेतच अडकेल. मज्जारज्जूत त्यासाठी वेगळ्या चेतापेशी आहेत. त्यांचं काम स्नायू हलवायचं नाहीच. जी चेतापेशी स्नायूला हलवते तिच्या कानात "थांब" म्हणणं, एवढंच त्यांचं काम. बैलजोडीच्या भाषेत सांगायचं तर आसूड ओढणारे वेगळे आणि कासरा धरणारे वेगळे. आपण चालतो, लिहितो, उभे राहतो ते कासऱ्यावर. आपल्या लक्षातही येत नाही, कारण तो कधी सुटत नाही.

आता हे "चल" आणि "थांब" सांगतात कसं? दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये फट असते, मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाच्या दोन-पाच पट एवढी. अलीकडच्या टोकाला रसायनाने भरलेल्या हजारो पुड्या तयार असतात. इशारा आला की काही पुड्या काठाशी जाऊन फुटतात, रसायन फटीत सांडतं, पलीकडची पेशी ते ओळखते. स्नायूला "चल" सांगणाऱ्या टोकाशी पुडीत ॲसिटिलकोलिन असतं. मज्जारज्जूतल्या "थांब"वाल्यांच्या पुड्यांत ग्लायसिन आणि गाबा. म्हणजे पुडीतला माल वेगळा, पण पुडी काठाला लावून फोडायची यंत्रणा सगळीकडे जवळजवळ सारखीच.

ती यंत्रणा म्हणजे चक्क दोरीचा पीळ. पुडीच्या अंगातून प्रथिनाचा एक धागा बाहेर आलेला असतो, त्याचं नाव सिनॅप्टोब्रेव्हिन. काठावर दोन प्रथिनं असतात, सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५. इशारा आला की हे धागे एकमेकांत पिळले जातात, आणि पीळ बसत जातो तशी पुडी काठाकडे खेचली जाऊन त्यात मिसळते. वाख वळताना दोन टोकं आपोआप जवळ येतात, तसं. पेशीतल्या या मालवाहतुकीचा उलगडा केला म्हणून रॉथमन, शेकमन आणि स्यूडहोफ यांना २०१३ साली नोबेल मिळालं.

धनुर्वाताचं विष आणि बोट्युलिनमचं विष (बोटॉक्स बनतं ते याचंच), दोन्ही कातरी आहेत. दोघांची घडण सारखी : एक मोठा तुकडा, जो पेशीचं दार ओळखून आत शिरवतो, आणि एक छोटा, ज्याच्या पोटात जस्ताचा अणू असतो आणि जो कापतो. कापून झालं की कातर बोथट होत नाही. एकच रेणू एकामागून एक धागे तोडत सुटतो, म्हणून इतकं थोडं विष पुरतं. बोट्युलिनमचे सात मुख्य प्रकार आहेत, ए ते जी. त्यातला बी प्रकार सिनॅप्टोब्रेव्हिन तोडतो. धनुर्वाताचं विषही तेच तोडतं, आणि १९९२ साली इटलीतल्या पादुआमध्ये जाम्पिएत्रो स्कियावो, चेझारे मोंतेकुक्को आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की दोघं ते अगदी त्याच दोन दुव्यांच्या मध्ये तोडतात. एका दुव्याचाही फरक नाही. तुम्ही वाचलंत ते हेच असणार. आईला सुचवलेलं बोटॉक्स मात्र ए प्रकारचं, ते स्नॅप-२५ तोडतं. पण त्याने तुमचा प्रश्न हलका होत नाही, कारण परिणाम तोच : पुडी फुटत नाही, निरोप जात नाही.

मग एकाने ताठणं आणि दुसऱ्याने सैल पडणं कशाने? फरक आहे तो कापण्याच्या ठिकाणात. दोन्ही विषं घरात शिरतात एकाच दारातून, स्नायूला चिकटलेल्या चेतातंतूच्या टोकातून. बोट्युलिनम दारातच बसतं. आत ओढल्या गेलेल्या पुडीत आम्लता वाढली की त्याचा कापणारा तुकडा बाहेर येतो आणि तिथल्या तिथे काम सुरू करतो. "चल"चा निरोप बंद, स्नायू सैल. धनुर्वाताचं विष दारात थांबत नाही. पेशीची स्वतःची मालगाडी असते, टोकाकडून मुळाकडे सामान नेणारी, तिच्यात ते बसतं. पायाच्या अंगठ्यापासून कमरेतल्या मज्जारज्जूपर्यंत एकाच पेशीचा तंतू जवळजवळ मीटरभर लांब असतो, तेवढा प्रवास ते करतं. मुळाशी पोचल्यावर त्या पेशीला हात न लावता बाहेर उतरतं, शेजारच्या "थांब" सांगणाऱ्या पेशीत शिरतं, आणि तिथे कातर उघडतं. कासरा तोडला. आता प्रत्येक स्नायूला "चल, चल, चल", अडवणारं कुणी नाही.

हा प्रवास दिवसांचा असतो, म्हणून बाबांकडे अजून वेळ आहे. आणि विष एकदा तंतूच्या आत शिरलं की प्रतिपिंडं तिथे पोचू शकत नाहीत, म्हणून तो वेळ थोडाच आहे. जबड्याच्या नसा लांबीने आखूड, म्हणून दातखीळ आधी बसते. मग मान, पाठ, पोट. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंपेक्षा दांडगे, त्यामुळे सगळे एकदम आखडले की पाठ जिंकते आणि शरीर मागे वाकतं. सुश्रुतसंहितेत धनुस्तंभ म्हणून याचं वर्णन आहे, धनुष्यासारखं वाकणं. आपला धनुर्वात त्याच ओळीतला.

कोकणातल्या वाचकांना काजऱ्याचं झाड माहीत असेल, बिया चपट्या, बटणासारख्या, चवीला कडूजहर. त्या बियांत स्ट्रिक्नीन असतं आणि त्याने विषबाधा झालेला माणूसही असाच ताठतो, जरा आवाज झाला की झटका. तिथे "थांब"च्या पुड्या फुटतात, पण पलीकडच्या पेशीचे कान बंद केलेले असतात. बोलणाऱ्याची जीभ कापा किंवा ऐकणाऱ्याचे कान बुजवा, कासरा सुटायचा तो सुटतोच.

मी निवासी डॉक्टर असताना, सत्तरच्या दशकाच्या शेवटी, आमच्याकडे धनुर्वाताची वेगळी खोली होती. व्हरांड्याच्या अगदी टोकाला, खिडक्यांना काळे पडदे, रुग्णांच्या कानात कापूस. आम्ही चपला बाहेर काढून आत जायचो. बोलायचं ते कुजबुजत. एका दुपारी नव्याने आलेल्या मावशींच्या हातून स्टीलचा ट्रे फरशीवर पडला. त्या आवाजाने खोलीतल्या सहाही खाटांवरच्या पाठी एकदम वर उचलल्या गेल्या. टाचा आणि डोकं, एवढंच गादीला टेकलेलं. दाराजवळच्या खाटेवर बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता. झटका ओसरल्यावर त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानाकडे चाललं होतं आणि ओठ मात्र हसल्यासारखे ताणलेले. मी पुसलं तर हाताच्या स्पर्शानेही पुन्हा आखडेल म्हणून पुसलं नाही. दचकणं आपल्या सगळ्यांनाच येतं. आपल्यात ते पुढच्या क्षणी आवरलं जातं, त्याच्यात आवरणारं काही उरलं नव्हतं.

तुमच्या आईने हे दहाव्या वर्षी पाहिलंय. तेव्हा तिच्या भीतीला अडाणीपणा म्हणू नका. मामांनाही म्हणू नका, भावकीचं ते बरोबरच बोलले. आईला एक गोष्ट बहुधा कुणी सांगितली नसेल : धनुर्वातात शुद्ध जात नाही. हे विष मज्जारज्जूच्या कासऱ्यावर बसतं, विचार करणाऱ्या मेंदूवर नाही. तिचे वडील तिला ओळखत होते. हे ऐकून तिला बरं वाटेल की आणखी वाईट, ते तुम्ही मुलगी म्हणून ठरवा. मी तिच्या जागी असते तर मला ते कळायला हवं असतं.

आजोबांना त्या काळात फार काही देता आलं नसतं, तेही सांगायला हरकत नाही. एकदा धागा तुटला की तो जोडणारं औषध आजही नाही. पेशी नवी प्रथिनं तयार करते, नवी टोकं फुटतात, त्याला आठवडे लागतात. तोवर माणसाला जगवत ठेवायचं, एवढाच उपचार. झटके थांबवायला झोपेची औषधं, तेवढ्याने भागलं नाही तर सगळे स्नायू औषधाने सैल करून श्वास यंत्रावर. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. फारोख उदवाडियांनी अतिदक्षता विभागात हे करून दाखवलं आणि जिथे निम्मे रुग्ण हातचे जायचे तिथे बरेच वाचायला लागले. गावापासून ते सगळं फार लांब होतं. आणखी एक विचित्र गोष्ट : धनुर्वातातून वाचलेल्यालाही नंतर लस द्यावी लागते. जीव घेणारं विष वजनाने इतकं थोडं असतं, मिठाच्या एका बारीक कणाच्या काही शतांश, की शरीराच्या पहाऱ्याला ते दिसतच नाही. गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही, तसं इथे नाही.

आता आईच्या सुईकडे.

बोट्युलिनम हे जन्माने खाण्यातलं विष. १८२०च्या सुमारास जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गमध्ये युस्टिनुस केर्नर नावाचा डॉक्टर होता. कविता लिहायचा, बऱ्यापैकी नावही होतं. त्याच्या भागात नीट न शिजलेली, धूर दिलेली सॉसेज खाऊन माणसं मरत : आधी पापण्या जड, मग एकाच्या जागी दोन दिसणं, घास न उतरणं, शेवटी श्वास बंद. त्याने सॉसेजमधून ते "चरबीचं विष" काढलं आणि स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहिलं. (असं करू नये.) आणि त्यातून सुचलं काय, तर नसांच्या अतिउत्साहाने होणाऱ्या आजारांवर हेच विष थेंबाथेंबाने औषध म्हणून चालेल. म्हणजे तुमच्या आईला जे सुचवलंय ते एका कवीला दोनशे वर्षांपूर्वी सुचलं होतं. जंतू सापडला पुढे १८९५ साली, बेल्जियममधल्या एल्झेल गावात. अंत्यविधीला वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी हॅम खाल्लं आणि तिघे दगावले. एमिल व्हान एर्मेंगेमने त्या हॅममधून जंतू वेगळा केला. औषध म्हणून वापर मात्र सॅन फ्रान्सिस्कोच्या ॲलन स्कॉट यांनी सुरू केला, डोळ्याच्या तिरळेपणासाठी. अमेरिकेत अधिकृत परवानगी १९८९ साली मिळाली, तीही तिरळेपणा आणि पापण्यांच्या आखडण्यासाठी. सुरकुत्या नंतर आल्या. लोकांना बोटॉक्स म्हटलं की नट्या आठवतात, पण ते मूळचं तुमच्या आईसारख्यांचंच औषध.

मात्रेचं सांगते, कारण विषाची गोष्ट शेवटी मात्रेवर येते. याचं एक युनिट म्हणजे टोळीतल्या प्रत्येक उंदराला दिलं तर त्यातले निम्मे मरतील एवढं. चेहऱ्याच्या एका बाजूला साधारण दहा ते तीस युनिट पुरतात, बारीक सुईने चार-सहा ठिकाणी, डोळ्याभोवती आणि गालात. मोठ्या माणसाच्या जिवाला घातक मात्रेचा अंदाज हजारो युनिटांचा आहे. एका बाटलीत शंभर असतात.

वर चढलं तर? बोट्युलिनम दारातच कातर उघडतं, हे वर सांगितलंच. उंदरांवरच्या काही प्रयोगांत त्याचा अत्यल्प अंश तंतूतून मागे सरकल्याच्या खुणा मिळाल्या आहेत, ते लपवत नाही. पण माणसांमध्ये ते देऊन धनुर्वातासारखं चित्र दिसत नाही. खरा दुष्परिणाम शेजारी सांडण्याचा : पापणी थोडी खाली येणं, डोळा कोरडा पडणं, ओठाचा कोपरा काही आठवडे ढिला राहणं, पाणी पिताना ओघळणं. हे सगळं पुढे आपोआप जातं, कारण खुद्द औषधाचा परिणामही जातोच. तीन-चार दिवसांत ओढ कमी व्हायला लागते, एक-दोन आठवड्यांत पूर्ण परिणाम दिसतो, तीन-चार महिन्यांनी ओसरतो आणि पुन्हा घ्यावं लागतं. तुटलेल्या निरोपाची टोकं पुन्हा जुळतात, तोच नियम, धनुर्वाताचा आणि याचा. गिळायला किंवा श्वासाला त्रास वाटला तर मात्र वाट न बघता दवाखाना गाठायचा. छोट्या मात्रेत हे क्वचित होतं.

आईच्या चेहऱ्याला काय झालंय तेही तिला सांगा. बहुतेकदा मेंदूच्या तळाशी एखादी रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेला घासत असते आणि नस उगाचच इशारे सोडत राहते. बोटॉक्स ती घासणारी वाहिनी हलवत नाही, फक्त इशाऱ्याला गालापर्यंत पोचू देत नाही. वाहिनी बाजूला करायची शस्त्रक्रिया असते, काहींना कायमचा गुण येतो, पण ती कवटी उघडून करायची असते. एकसष्टाव्या वर्षी आधी सुई घेऊन बघणं मला शहाणपणाचं वाटतं. खर्चाचं डॉक्टरांना स्पष्ट विचारा, वर्षाला तीन-चार वेळा येणारा तो खर्च आहे. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, स्नायू लवकर थकण्याचा मायस्थेनिया नावाचा आजार असेल, किंवा हल्लीच जेंटामायसिनसारखं अँटिबायोटिक घेतलं असेल, तर आधी सांगा. आणि ब्यूटी पार्लरमध्ये "स्वस्तात करून देतो" असं कुणी म्हटलं तर तिथून निघा. बाटलीवर काय लिहिलंय आणि आत काय आहे याची तिथे खात्री नाही, आणि हे विष आहे, मामांचं तेवढं खरं.

मामांना भीती घालायचीच असेल तर योग्य जागी घालू द्या. बाळाला वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही. आपल्याकडे जन्मल्याबरोबर चाटवतात, पण मधात बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात त्यांना रान मोकळं मिळतं. दुसरं, लसणाच्या पाकळ्या नुसत्या तेलात बुडवून आठवडेच्या आठवडे बाहेर ठेवायच्या नाहीत. कैरीच्या लोणच्याला भ्यायचं कारण नाही, आंबट आणि खारट असल्याने तिथे हा जंतू वाढत नाही. आज्जीला हे न सांगताही माहीत होतं.

आईशी बोलताना कातर, प्रथिनं वगैरे काढू नका. तिला म्हणा, आजोबांना लागलं ते विष कासऱ्यापर्यंत गेलं, तुझं गालातच राहणार आहे. पहिल्या वेळी कमी मात्रेने सुरू करता येईल का, असं तिलाच डॉक्टरांना विचारू द्या. बहुतेक जण "हो" म्हणतात. ती नकोच म्हणाली तर नको. या आजाराने जीव जात नाही, ठरवायचा हक्क तिचा आहे.

बाबांना मात्र तो हक्क देऊ नका. जखम साबण-पाण्याने धुवा, वर हळद, राख, तापवलेला बिब्बा यातलं काही नको. बिब्ब्याने कातडी जळते, आणि मेलेल्या कातडीखाली त्या जंतूला हवं तसं घर मिळतं. लसीची पहिली सुई झाली की दुसरी चार आठवड्यांनी, तिसरी त्यानंतर सहा महिने ते वर्षभरात. सुगी आली की ते विसरतील, तेव्हा तिन्ही तारखा आजच स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लिहून ठेवा.